अर्ध्या इंचाचा सल्ला

बायको जाऊन आठ महिने झाले होते. तिचा आवाजही हातचा गेलाय, हे शिंप्याला कळलं ते एका मंगळवारी, एका बिघडलेल्या कोटामुळे.

कोट जुन्या गिऱ्हाइकीणबाईंचा. घरी शिवायला गेल्या आणि काखेत फसल्या.

"काका, माझ्यावर चिडू नका. काकूंनीच सांगितलं, शिवणीला अर्धा इंच सोडून कापा."

"अर्धा? ती जन्मात अर्धा म्हणाली नाही!"

बाईंनी फोन पुढे केला. शिवणकाम शिकवणारं नवं ॲप. काही विचारलं की उत्तर देतं. तोच किंचित बसलेला आवाज, तेच "बघा हं". आवाज बायकोचाच होता.

बायकोने मोबाइलवर शिवणाचे दीडशे धडे घातले होते. एकातही ती इंचाखाली उतरली नव्हती.

हे काम घरातल्याचंच, असं त्याच्या मनाने घेतलं. जावई कॉम्प्युटरवाला. ती गेल्यावर "फोटो काढून देतो" म्हणून तिचा फोन दोन दिवस घेऊन गेला होता. तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती.

"आईचा आवाज विकलास," त्याने जावयाला तोंडावर सुनावलं. "पुन्हा उंबरा चढू नकोस."

"बाबा, तुम्ही उद्या इस्त्रीवरही संशय घ्याल," मुलगी म्हणाली आणि नवऱ्यामागोमाग निघून गेली.

शिंपी एका वकीलबाईंकडे गेला. धडे जिच्याकडे होते आणि ॲपही जिचंच होतं, त्या कंपनीला त्यांनी पत्र लिहिलं. उत्तर आलं: खातेधारकाने अकरा मार्चला सकाळी सहा दहाला, स्वतःच्याच फोनवरून, आवाज वापरायला संमती दिली आहे.

"म्हणजे त्या गेल्यानंतर सात आठवड्यांनी," वकीलबाई म्हणाल्या. "तेव्हा फोन कोणाकडे होता?"

शिंपी जावयाचं नाव घेणार, तोच त्याला ती सहा दहाची वेळ खटकली. रोज सकाळी सहाला शिंपी स्वतः इस्त्री तापत ठेवतो. ती तापेपर्यंत बायकोच्या फोनवर तिचा एक धडा ऐकतो. एका सकाळी धडा सुरूच होईना. पांढरी चौकट, मुंग्यांसारखी अक्षरं, खाली 'मान्य'. अशी चौकट आली की बायको म्हणायची, "दाबा हो, त्याशिवाय पुढे जात नाही." त्याने दाबलं होतं.

"मीच," तो म्हणाला.

"मग सोपं झालं. त्यांच्या नावाने संमती द्यायचा तुम्हाला अधिकारच नव्हता. तसं प्रतिज्ञापत्र करा, तो आवाज बंद करायला लावू. पण खातेधारक हयात नाहीत म्हटल्यावर कंपनी खातंही बंद करेल. धडे जातील. सहीच्या आधी ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. घरात कोणाला जमतं का?"

"एकाला जमतं," शिंपी म्हणाला.

कोट त्याने काखेत पट्टी जोडून दुरुस्त करून दिला. ॲप अजून अर्धाच इंच सांगतंय. प्रतिज्ञापत्र मापाच्या वहीखाली पडून आहे. त्यावर सही व्हायची आहे, आणि त्याआधी जावयाला फोन करायचा राहिला आहे.