जेवलेल्या गावाची अडचण

सत्तावन साली आमच्या रंभाकाकूला मुसळ उचलेना, तेव्हा बापूजीकाकांनी तिला नागभीडहून रेल्वेनं नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, हिचं शरीर स्वतःच्याच स्नायूंवर उठलंय, फुफ्फुसांवरसुद्धा. म्हणजे भाऊबंदकी, एवढं काकांना समजलं. गोळ्या मिळाल्या. त्या हळूहळू कमी करायच्या, आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं.

चार महिन्यांत काकू धान कांडू लागली. आजारात तिनं गावदेवी मातामायला बोललेला नवस फेडला, बकरा कापला, गाव जेवलं. मातामायनं बरं केल्यावर गोळ्या खाणं म्हणजे तिच्यावर अविश्वास, म्हणून पुजारी देवाजीनं उरलेली बाटली मायच्या पायाशी वाहून टाकली.

महिन्याभरात काकूला पुन्हा धाप लागू लागली. अंगणातून चुलीपर्यंत येताना दोनदा बसायची. काकांनी बाटली मागितली, तर गाव आडवं आलं. बरी झाल्याचं जेवण झालंय, आता ही आजारी कशी? पंच लटारूभाऊ सगळ्यांत ठाम होते. ते तीनदा वाढून घेऊन जेवले होते. काकूनं धापणं थांबवावं, असं त्यांनी सुचवलं.

बैठक बसली. बाटली परत दिली तर माय खोटी ठरते, असं देवाजीचं म्हणणं. काकू उठली. मुसळ डोक्यावर उचललं, खाली ठेवलं आणि बराच वेळ नुसती धापत राहिली.

"नवस मुसळाचा होता," ती म्हणाली. "तो मायनं पुरा केला. दम्याचं मी तिले बोललीच नाई. न सांगतल्या कामाचा बोल तिले काऊन लावता?"

देवाजीचा चेहरा खुलला. माय निर्दोष सुटली, जेवणही पचलं. त्यानं स्वतः बाटली आणून दिली. काकांनी काकूला स्टेशनावर न्यायला बंडी जुंपली. लटारूभाऊ वेशीपर्यंत मागे आले.

"मंग दम्याचा नवस बोलून टाक ना, बाई."

काकूकडे उत्तराइतका श्वास नव्हता. लटारूभाऊंनी तिचं धापणं होकार धरलं.

नागपुरात डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि काकांना झापलं. दोन महिन्यांनी काकू परतली, तीही वेशीपासून घरापर्यंत न बसता चालत. दारात नवसाचा बकरा बांधलेला होता. देवाजीनं सवयीनं बाटलीकडे हात केला.

"तुमी बकरा खा," काकू म्हणाली, "मी गोळी खाईन."

आणि सगळ्यांसमोर तिनं ती पाण्याबरोबर गिळली. लटारूभाऊंना ही वाटणी एकदम पटली.