भगवंतरावांचा रुसवा

बडनेऱ्यात भगवंतरावांना दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे ते रेल्वेच्या मालगोदामातून निवृत्त झाले होते आणि दुसरी म्हणजे ते मेहुण्याच्या लग्नात रुसले होते. पहिली गोष्ट लोक हळूहळू विसरत चालले होते.

तसं वऱ्हाडात जावयानं रुसणं ही काही नवलाची गोष्ट नाही. लग्न म्हटलं की घरचा जावई रुसणारच. नाही रुसला तर सोयरे काळजीत पडतात, याची तब्येत बरी आहे ना म्हणून. कोणी टोपीवरून रुसतो, कोणी पत्रिकेत नाव खालच्या ओळीत छापलं म्हणून. चार माणसं जातात, हात धरतात, जावई आढेवेढे घेत उठतो आणि लग्न लागतं. पण भगवंतराव रुसले ते अगदी दिवे लागेपर्यंत. नवरदेव अमोल हिवरखेडच्या मांडवात बाशिंग बांधून ताटकळतोय आणि हे एसटी स्टँडच्या बाकावर तोंड फिरवून बसलेले. अमोल म्हणजे त्यांच्या बायकोचा, गोदाबाईचा, सगळ्यात धाकटा भाऊ. त्याला हे विसरणं शक्यच नव्हतं.

पुढे अमोल अकोल्यात मास्तर झाला आणि त्याला नाटकाचं वेड लागलं. पुण्याहून एक बाई शिबिर घ्यायला आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, आयुष्यात सगळ्यात जास्त चिडलात तो दिवस आठवा आणि एकट्यानं उभं राहून लोकांना सांगा. बाकीचे डोकं धरून बसले. अमोलला आठवायला जांभई देण्याइतकाही वेळ लागला नाही. ‘मंडपात मी एकटा’ असा त्याचा एकपात्री प्रयोग तयार झाला, अमरावतीत गाजला आणि त्याची बातमी बडनेऱ्याला पोचायला कितीसा उशीर?

“काय जी भगवंतराव,” चहाच्या टपरीवर नत्थुजी म्हणाले, “साळ्यानं तर तुमाले फेमस करून टाकलं! लोकं पोट धरधरून हासून रायले तिथं.”

भगवंतरावांनी अर्धा चहा तसाच ठेवला. इतकी वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला होता, पण तो नात्यागोत्यात. आता तिकीट काढून लोक हसायला लागले होते. अकोल्याच्या प्रयोगाला जायचं, स्टेजवर चढायचं आणि त्या दिवशी खरं काय घडलं ते सांगून मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. उतारवयात माणसाला आपलं नाव तरी साफ असावंसं वाटतं, त्यात त्यांचं काय चुकलं?

“अकोल्याले जाऊ, नाटक पाहाले,” एवढंच ते गोदाबाईला म्हणाले.

“चाला,” गोदाबाई म्हणाली. “पन तिथं रुसू नका बाप्पा.”

रविवारी दुपारचा प्रयोग होता. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत अमोलची बायको आरती, तिच्या शेजारी तिची आई माणिकबाई, आणि त्यांच्या पलीकडे भगवंतराव व गोदाबाई. आरतीचे वडील शेषराव गेल्या वर्षी वारले होते. माणिकबाई नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच अशी चारचौघांत आली होती आणि पदर सावरत अंग चोरून बसली होती.

पडदा उघडला. स्टेजवर एक खुर्ची आणि कपाळाला बाशिंग बांधलेला अमोल. तोच नवरदेव, तोच बँडवाला, तोच भटजी. आणि मग खुर्चीवर पाठमोरा बसून तो जावई झाला.

“हा दुपट्टा जरीचा नाई! मी येत नाई!”

सभागृह फुटलं. जरीचा दुपट्टा आला. मग जावयाला स्टँडचा बाक टोचला, गादीची खुर्ची पाहिजे. गादीची आली. चहा आला तर त्यात साखर. बिनसाखरेचा आला तर तो गार. मग म्हणे बँड माझ्यापुढं वाजवा. बँड वाजला तर म्हणे डोकं दुखते.

भगवंतराव मान खाली घालून ऐकत होते. एक शब्द खोटा नव्हता. एकच गोष्ट त्यांना राहून राहून खुपत होती: अमोलनं भिडेखातर जावयाचं नाव बदलून खुशालराव ठेवलं होतं. म्हणजे जन्माची बदनामी सोसायची यांनी, आणि टाळ्या घ्यायच्या कोण्या खुशालरावानं!

रुसण्याचं खरं कारण त्यांच्याशिवाय शेषराव आणि माणिकबाई या दोघांनाच ठाऊक होतं. लग्नाच्या दिवशी भगवंतराव गुपचूप तंबाखू-सुपारीचा खर्रा खायला शेषरावांच्या गोठ्यामागं गेले होते. तिथंच पंगतीचा स्वयंपाक चालला होता. चुलीचा दगड खचला आणि वरणाचा भलाथोरला गंज, म्हणजे पातेलं, कलंडला. वरण मातीत गेलं, शेजारच्या दोन्ही चुली विझल्या. ज्यांच्या पंगतीचं पंचक्रोशीत नाव, ते शेषराव वरणाच्या चिखलात डोक्याला हात लावून बसले.

“जवाईबापू,” ते हात जोडून म्हणाले होते, “लगन लागलं का गाव पंगतीले बसते. काय वाढू मी? कसंबी करून येळ काढा. अन् कोनाले सांगू नका. माह्या आरतीलेबी नाई.”

भगवंतरावांच्या तोंडात खर्रा होता. त्यांनी नुसती मान हलवली. आणि लग्न थांबवायचा जावयाला जो एकच रस्ता माहीत असतो, तो धरला. दुपट्ट्याचं कारण सुचलं. पुढची कारणं सुचता सुचेनात. शेषरावांच्या घरावर नवा धूर दिसेपर्यंत त्यांना घाम फुटला होता. सगळं गाव जावयाला शिव्या देण्यात इतकं गुंतलं, की पंगतीला उशीर का झाला हे कोणी विचारलंच नाही.

प्रयोग संपला. टाळ्या थांबेनात. अमोलनं बाशिंग सोडून हातात घेतलं, कपाळावरचा घाम पुसला आणि तो म्हणाला, “ज्याइच्यामुळं हे नाटक झालं, ते आमचे भाऊजी इथंच बसेल आहेत. या भाऊजी!”

भगवंतराव वर गेले. शाल आली, नारळ आला. मागून कोणीतरी ओरडलं, “काका, खरं सांगा, काहून रुसले होते?”

यासाठीच तर ते आले होते. वाक्य पाठ करून ठेवलं होतं. त्यांनी खाली पाहिलं. आरती डोळ्यांतलं हसू पुसत होती. तिच्या शेजारी माणिकबाईनं पदर तोंडापर्यंत ओढला होता आणि पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडवत नाही, हे त्यांना तिथं, त्या दिव्यांच्या उजेडात कळलं.

“दुपट्ट्याले जर नव्हती,” ते म्हणाले. “जर पाहिजेच ना बाप्पा! जवाई हाय का गंमत?”

लोक लोळायचे बाकी राहिले. आणि त्या हसण्यात माणिकबाई उभी राहिली.

“खोटं बोलून रायले हे!”

आवाज कापरा होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मग तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं: गंज, चिखल, विझलेल्या चुली, गोठ्यामागचे जोडलेले हात. आरती आईकडे बघतच राहिली. अमोलच्या हातातलं बाशिंग खाली पडलं.

“इहीनबाई, हे बरं नाई केलं,” भगवंतराव स्टेजवरून पुटपुटले. “शेषरावनं मना केलं होतं.”

“त्याइनं मना केलं, पन ते गेले,” माणिकबाई म्हणाली. “मेलेल्या मानसाची इज्जत जित्या मानसाच्या डोक्यावर किती दिवस ठेवू मी?”

मग जे झालं ते भगवंतरावांनी जन्मात अनुभवलं नव्हतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आरतीनं येऊन पायाला हात लावला. अमोल तर रडायलाच लागला आणि मधेच, “आता माह्या नाटकाचं काय करू जी?” असंही विचारून गेला. भगवंतरावांची छाती भरून आली. ते गोदाबाईला शोधायला लागले. तिचा चेहरा त्यांना सगळ्यात आधी पाहायचा होता.

तिची खुर्ची रिकामी होती.

गोदाबाई बाहेर सभागृहाच्या पायऱ्यांवर बसली होती, रस्त्याकडे तोंड करून.

“ऐकलं ना व?” भगवंतराव हसत म्हणाले. “मी रुसलोच नव्हतो.”

तिनं मानही वळवली नाही.

“काय झालं?”

“मलेबी नाई सांगतलं?”

“शब्द देल्ला होता ना शेषरावले.”

“शब्द त्याइले देल्ला, संसार माह्यासंग केला.” ती अजून रस्त्याकडेच पाहत होती. “माहेरी गेली का भावजया मनत, ताईले गादीची खुर्ची टाका व, रुसन नाई तं. मी भांडली त्याइच्यासंग. तुमच्यासाठी भांडली. दिवाळीले जानं सोडलं दोन वर्सं. अन् घरी येऊन तुमाले सांगतलं, तं तुमी मुकाट जेवत बसले.”

स्टेजवर शब्द राखला तेव्हा आपण केवढे मोठे झालो असं भगवंतरावांना वाटलं होतं. त्या मोठेपणाची किंमत घरातलं कोण भरत होतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना लाज वाटली, अगदी खरी.

“चहा आनू?” त्यांनी विचारलं.

“नाई.”

“चाल मंग, अमोलच्या घरी जाऊ.”

“नाई.”

शाल खांद्यावरून घसरत होती, नारळ कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. नाटक बघून बाहेर पडणारी माणसं थांबून थांबून पाहत होती. भगवंतराव तसेच उभे राहिले. रुसण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता, पण मनवणारे काय काय करतात याचा त्यांना पत्ताच नव्हता, कारण रुसणाऱ्याचं तोंड नेहमी दुसरीकडं असतं.

“गोदा,” ते शेवटी हळूच म्हणाले, “मले मनवता येत नाई व.”

“मंग शिका,” गोदाबाई म्हणाली. “मले घाई नाई.”