राखणीची कविता

"मेंढरं राखायची का कागदं राखायची, ते एकदाचं ठरव!" सोनाजीआप्पा नातीवर असा कडाडला, की मेंढरांच्या वाडग्यातली कोकरं आयांच्या पोटाखाली शिरली.

कस्तुरानं वही पाठीमागं लपवली. नऊ वर्षांची पोर. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर बिडकीनच्या अलीकडच्या या वाडीत पहिल्यांदाच मराठी शाळा निघाली, तिथं ती दुसरीत होती. सुट्टी लागताना रामकिसन गुरुजींनी स्वतःच्या हातानं कविता उतरवलेली एकेक वही पोरांना दिली होती. म्हणाले होते, "सुट्टीत रोज एक कविता वाचा. पण मोठ्यानं बरं का! पोटात ठेवली की कविता आंबते."

"गुर्जीनं सांगितलंय, आप्पा."

"तुझ्या गुर्जीला इचार, कविता वाचून मेंढरांची पोटं भरत्यात का? ध्यानात ठेव, एक कोकरू जरी कमी आलं, तर वही चुलीत आन् तुझी शाळा बंद!"

"मामंजी, लई वरडू नका लेकरावर," कस्तुराची आई बानाबाई म्हणाली. तिनं भाकरीचं फडकं पोरीच्या हातात दिलं आणि हळूच पुटपुटली, "दोन्ही सांभाळ बाई."

आप्पा कुत्रं घेऊन पुढं पाण्याची जागा बघायला गेला. कस्तुरा मेंढरं घेऊन माळाला लागली.

वैशाखाचं ऊन. मुरूम तव्यासारखा तापलेला. दुपारी ती हिवराच्या सावलीला टेकली आणि वही उघडली. नुसती एक कविता, मग उठायचं, असं मनाशी ठरवलं. एकीच्या तीन झाल्या. चौथी काढताना मान वर केली, तेव्हा मेंढरं नाल्याच्या काठापर्यंत सरकली होती. आणि एकही ओरडत नव्हतं.

चाळीस पावलांवर लांडगा बसला होता. कुत्र्यासारखा, पुढचे पाय टेकून, निवांत.

कस्तुराच्या हातातली वही गळून पडली. आप्पाचं बोलणं आठवलं, "एक म्होरं बसून भ्या दाखवतो, दुसरा नाल्यात दबून असतो. मेंढरं फुटून नाल्यात गेली, की संपलं. पळायचं नाय, किंचाळायचं नाय. राखणाराचा आवाज एकसारखा चालू पायजे. आवाज तुटला की मेंढरू फुटलं."

तिनं हाळी द्यायला तोंड उघडलं. निघाली ती किंकाळी. दोन मेंढ्या उधळल्या, नाल्याकडं चार पावलं गेल्या. लांडग्यानं कान टवकारले.

काय बोलावं? एकसारखं काय बोलावं? तोंडात होतं तेवढंच बाहेर आलं.

"डोंगरावरनं उतरलं ऊन,
पाणवठ्यावर बसलं येऊन..."

आवाज थरथरत होता, पण चालत होता. उधळलेल्या मेंढ्या थबकल्या. ती मेंढरांना वळसा घालून हळूहळू नाल्याच्या बाजूला सरकू लागली. खाली दबलेला दुसरा आता पाठीमागून येईल का? मागं बघायची छाती नव्हती. कविता संपली की पुन्हा पहिल्यापासून. किती वेळा म्हटली, तिलाच ठाऊक नाही.

"म्हणालं चिंचे, जागा दे..."

आणि पुढची ओळ अडली. डोक्यात नुसता धुरळा. मेंढरांनी माना वर केल्या. लांडगा उठून उभा राहिला, दोन पावलं पुढं आला. कस्तुराला रडू फुटणार, तोच अनवाणी पायांना मुरमाचा चटका कळला. तिथूनच ओळ वर आली.

"पाय भाजले, आत घे!"

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. घसा फाटला, पण आवाज तुटला नाही.

शेवटी कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं. आप्पा काठी परजत धावत येत होता. समोरचा लांडगा वळला, आणि कस्तुराच्या पाठीमागून, दहा हातांवरून, दुसरा नाल्यातनं निघून गेला. ते पाहिल्यावर ती मटकन खाली बसली. परकर ओला झाला होता.

आप्पानं मेंढरं मोजली. पुन्हा मोजली. सगळी होती.

"आप्पा, मी वाचीत बसले म्हून मेंढरं नाल्याकडं गेली," ती हुंदके देत म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही.

"ते बी कळलं मला." आप्पानं वही उचलली. एका मेंढीनं तिचा कोपरा चघळला होता. त्यानं धूळ झटकली, वही पटक्यात खोवली आणि नातीला खांद्यावर घेतलं. तसाच मेंढरं हाकत घराकडं निघाला. कस्तुराला वाटलं, आता चूल.

चुलीजवळनं तो सरळ पुढं गेला आणि वही उतरंडीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो रामकिसन गुरुजींच्या दारात उभा राहिला. गुरुजी घाईघाईनं बाहेर आले. "काय झालं, आप्पा? कस्तुरा बरी आहे ना?"

"बरी हाय. झोपेत दचकती आजून." आप्पा डोकं खाजवत राहिला. "गुर्जी, त्या उन्हाच्या कवितेबिगर दुसरी एखादी कविता द्या पोरीला. चांगली लांबलचक द्या."

"का हो? तीच तर तिला आवडली होती."

"आवडली व्हती. पर ती आता लांडग्याला बी पाठ झाली आसंल."