बुडातली चकती

माझ्याकडे प्रेमाने बघू नका, मला ते सहन होत नाही. मी एक पुंगळी आहे. लाल प्लास्टिकची, खाली पितळेची वाटी. अंगात दारू आणि छर्रे होते तोवर मला काडतूस म्हणायचे. बार उडाला की मी कचरा.

कचऱ्यातच गेले असते तर सुटले असते! पण मिनेसोटातल्या आमच्या गावात ओरिन हाउगस्टाड नावाचा एक हेकट म्हातारा राहतो. रविवारी क्लबात हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या बंदुकीने उडवायच्या, आपल्या पुंगळ्या वेचायच्या आणि आठवडाभर तळघरात बसून त्या पुन्हा भरायच्या, एवढंच त्याला कळतं.

लाल पुंगळ्यांच्या दोन जाती. एक आतून एकसंध, बुडासकट एकाच तुकड्याची. काय तोरा त्यांचा! दुसरी माझी, बुडात वेगळी चकती ठोकलेली. चार-पाचदा भरली की ती चकती सैल होते. सुटून नळीत अडकली, तर पुढच्या बाराला बंदूकच फुटते. बाहेरून आम्ही अगदी सारख्या. आत डोकावल्याशिवाय फरक कळत नाही, आणि ओरिन आत डोकावेल तर शपथ!

त्याचा मेहुणा डेल्मर सांगून थकला. "दाजी, एकदा एक उभी चिरून बघा. नुसता रंग काय बघता?"

"तू मला शिकवतोस? आधी माझ्या पुंगळ्या ढापणं बंद कर!"

झालं! आमच्या क्लबात दुसऱ्याची पडलेली पुंगळी उचलणं म्हणजे सरळ चोरी. डेल्मर सगळ्यांसमोर ओरडला, "तुमच्या पुंगळीसाठी वाकलो, तर नावाचा डेल्मर नाही!" त्यानंतर दोन वर्षं दोघांत बोलणं नाही.

ओरिनने मला सहाव्यांदा भरलं तेव्हा माझी चकती खुळखुळत होती. मला आनंदच झाला. फुटू दे मेल्याची बंदूक एकदाची!

पण त्या रविवारी ती बंदूक घेतली मार्लिसने. ओरिनची बायको, डेल्मरची धाकटी बहीण. तिने माझं काय वाकडं केलं होतं?

बार बसका निघाला. तबकडी तशीच पुढे गेली. मार्लिसने बंदूक उघडली, मी उडून डेल्मरच्या बुटापाशी पडले. चकती मात्र नळीतच अडकली होती.

"नेम चुकला गं, चालू दे," ओरिन मागून म्हणाला. तिने दुसरं काडतूस सरकवलं.

डेल्मरने माझ्याकडे बघितलं. आणि तो वाकला, सगळ्यांच्या देखत. मला उचलून आत डोळा लावला.

"मार्लिस, थांब! चाप ओढू नकोस! काढ ते बाहेर!"

नळीत गज घातल्यावर चकती टपकन गवतात पडली. मार्लिसने ती उचलली.

"बंदूक माझ्या तोंडावर फुटली असती," ती ओरिनला म्हणाली. "दोन वर्षांपूर्वीच दादा घसा फोडून सांगत होता."

ओरिनचा चेहरा पांढरा पडला होता, तरी खोड जाईना. त्याने हात पुढे केला. "माझी पुंगळी दे."

"घ्या. पण आत बघा."

त्याने चष्मा लावला आणि पहिल्यांदा माझ्या आत बघितलं. बराच वेळ बघत राहिला.

आता मी उभी चिरलेली, तळघरातल्या खिळ्याला टांगलेय. ओरिन प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारतो, मग माझ्याकडे बघतो. डेल्मरशी अजून बोलत नाही, मेला. बंदूक फुटू दे म्हटलं, त्याची माफी मी मागणार नाही. तुम्हीही आत न बघता भरत असाल तर खुशाल भरा. माझ्या बहिणी तुमच्या डब्यात आहेतच.