तीन ते पाच, आतून कडी

राळेगावचं ते घर इंदुताईंच्या नावावर होतं, अन् सदाशिवरावांच्या डोक्यातला किडा तिथंच वळवळत होता. बायको कॅन्सरनं अंथरुणाला खिळलेली. मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहणारा मुजफ्फर गॅरेजवर गेला, की त्याची बायको कशफ रोज तीनला इंदुताईंच्या खोलीत शिरायची अन् आतून कडी लावायची. पाचला राव वावरातून परतायच्या आत बाहेर.

"दार लावून काय करते म्हणा ते?" शेजारच्या विमलताईंनी विचारलं. "बिमार बाई हाय. घराच्या कागदावर सही घ्याले कितीक वेळ लागते?"

झालं, आगीत तेल. बीपी पाहून डॉक्टरनं राग आवरायला सांगितलेलं, म्हणून रावांनी तीन दिवस तो गिळला. बायकोला गोडीत विचारलं, "ते पोरगी काय बोलते तुह्याशी?"

"काही नाही. बसते." इंदुताईंनी भिंतीकडं तोंड केलं. नजर चोरली, हे रावांनी बरोबर टिपलं. चाळीस वर्षं संसार केला, ते काय आंधळे होते?

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी कशफला अंगणात गाठलं. "महिनाअखेर खोल्या खाली करा."

"काहून, काका? करार तं अजून सात महिने हाय."

"माहं घर हाय," राव म्हणाले. कागदावर नव्हतं, ते सोडा.

त्या दिवशी ते वावरात जातो म्हणून निघाले, पण गेलेच नाहीत. तीनला कशफ खोलीत गेली. सकाळी एवढं ऐकूनही गेली, म्हणजे पाहा! राव मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून खिडकीखाली उभे राहिले.

आत इंदुताई रडत होत्या. आजाराच्या आठ महिन्यांत रावांनी त्यांचं रडणं ऐकलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, रडायचं नाही, रडलं की बिमारी वाढते. बायकोनं ऐकलं, असा त्यांचा समज होता.

"मले मरायचं लय भेव वाटते वं," इंदुताई म्हणत होत्या. "ह्यायच्यापुढं बोलाची सोय नाही. चिडतेत."

"रडून घ्या काकू. पाचले टाइम हाय अजून."

"तू कुठं जाशीन तं नाही ना, बाई?"

रावांनी खिडकीला कान लावला. आता ही सकाळचं सगळं ओकणार.

"मी कायले जाऊ?" कशफ म्हणाली.

रावांनी रेकॉर्डिंग बंद केलं. लाज वाटली, भयंकर लाज वाटली. कशफ बाहेर आली तेव्हा ते अंगणातच होते.

"खोल्या सोडू नका. माहं चुकलं."

"काकूले मी काही सांगतलं नाही," ती म्हणाली. "तुमीबी नका सांगू." अन् मागं निघून गेली.

राव आत गेले. "आज कसं हाय?"

"बरं हाय," इंदुताई हसून म्हणाल्या. आठ महिने हेच उत्तर ऐकून राव खुशीत जेवायला बसत होते.

ते खाटेवर टेकले. "मले भेव वाटते, इंदे," ते म्हणाले. "लय भेव वाटते."

इंदुताई त्यांच्याकडं पाहत राहिल्या. नवरा चिडला नाही, याची खात्री झाल्यावर त्या रडल्या.