पावणेआठचं विमान

चांगदेव गेला त्या दिवशी करंजाड्यातली आमची सगळी सोसायटी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला ते आवडलं होतं. आता खोटं कशाला बोलू? तीस वर्षं मी न्हावा शेव्याला एका शिपिंग एजंटकडे काढली. कुठलं जहाज कधी लागणार हे सांगणं माझं काम. चांगदेवचा मुलगा कल्पेश ऑकलंडला. तो कधी पोचणार हे माझ्याशिवाय सांगणार कोण?

चांगदेव बुधवारी सकाळी गेला. कल्पेशला त्याच रात्रीचं तिकीट मिळालं. त्याने फोटो बहिणीला, रुतिकाला, पाठवला. मुंबईला उतरायची वेळ गुरुवार दुपार, सव्वादोन. मी चष्मा लावला, साडेपाच तास मिळवले आणि जाहीर केलं, पावणेआठ. आमच्याकडे जहाजांचे निरोप ग्रीनिचच्या वेळेत यायचे, त्यात साडेपाच मिळवायचा हात बसलेला. विमानाच्या तिकिटावर उतरायच्या गावचीच वेळ असते, एवढं साधं मला सुचलं नाही.

दिवस मावळल्यावर त्यांच्यात अग्नी देत नाहीत. गुरुवार उजाडला. चांगदेवला आदल्या सकाळपासून बर्फाच्या पेटीत ठेवलेलं, आणखी एक रात्र ठेवायला गावची जुनी माणसं तयार नव्हती. पावणेआठला येणाऱ्यासाठी थांबण्यात अर्थ नाही, साडेतीनला उचलू, असं ठरलं. अग्नी पुतण्या कान्हा देणार.

तेव्हा रुतिका मोबाइल घेऊन माझ्यापाशी आली. “काका, ऑकलंड बारा हजार तीनशे किलोमीटर हाय. हवेत सोला तास, सिंगापूरला चार तास थांबा. दादा काल आपल्या सव्वासहाला निघालाय. मग आज सव्वादोनच येतंय ना?”

हिशेब चोख होता. पण ती चारचौघांत बोलली होती. मी म्हणालो, तू शाळेत जात होतीस तेव्हापासून मी वेळा लावतोय. निदान साडेपाचपर्यंत थांबू या, असं ती पुन्हा म्हणाली. बापाचे हाल करू नकोस, असं मी तिला सुनावलं. सगळ्यांनी मान डोलावली.

चारला कान्हाने अग्नी दिला. पाऊण तासाने स्मशानाच्या फाटकात टॅक्सी थांबली. कल्पेश बॅग तशीच टाकून धावत आला. त्याचा तिकडचा फोन इथे लागत नव्हता, घरी कुलूप दिसलं म्हणून तो थेट इकडे आला होता. चिता भडकलेली बघून तो जागीच उभा राहिला.

“विमान लवकर आलं वाटतं,” मी म्हणालो. शरम वाटते, पण हेच म्हणालो.

“नाय काका. टायमावरच आलं.” मग त्याने सगळ्यांकडे बघितलं. “माझ्यासाठी थांबायचं नाय, हे कोन बोललं?”

रुतिकाने एकदा माझ्याकडे बघितलं. मी कान्हाच्या मागे सरकत होतो, ते तिला दिसलं असावं.

“मी बोलली दादा. माझा हिशोब चुकला.”

तोंड उघडायला मला तेवढा एक क्षण होता. मी खाली मान घातली.

आज तेरावा. कल्पेश परवा परत जाणार. इतक्या दिवसांत तो बहिणीशी एक शब्द बोललेला नाही. आणि मला मात्र, बाबांचे जुने मित्र म्हणून, पहिल्या पंगतीत बसवून स्वतःच्या हाताने वाढतोय.