दानाच्या गोण्या

मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे. स्वयंपाकघर आणि ऑफिस यांच्यामधल्या अरुंद बोळात, नळाशेजारी, भिंतीला पाठ लावून उभी असते. बोळाच्या टोकाला पुढचं जाळीचं दार आहे. त्यामुळे कोण आलं, कोण गेलं आणि ऑफिसातल्या फोनवर काय बोलणं झालं, हे सगळं मला इच्छा असो वा नसो, ऐकावंच लागतं.

मित्रांनो, आमच्या घराला पाटी नाही. ज्या बायकांना स्वतःच्याच घरात जिवाची भीती वाटते, त्या मुलांना घेऊन इथे येतात आणि तीन महिने राहतात. तेवढ्या दिवसांत वकील, डॉक्टर, मुलांची शाळा, एखादं काम, जे जुळेल ते मोठ्या ताई जुळवून देतात. मोठ्या ताई म्हणजे इथल्या वॉर्डन. स्वयंपाकाच्या मावशी तेवढ्या त्यांच्या मदतीला आहेत. इथला पत्ता कुणालाही सांगायचा नाही, हा पहिला नियम. कुणाला काही द्यायचं असेल तर ते संस्थेच्या शहरातल्या ऑफिसात द्यावं लागतं.

आपली गोष्ट सांगताना गोड बोलावं, असं तुम्ही म्हणाल. मला ते जमणार नाही. मला किळस आली आहे, आणि ती कशाची ते सांगितल्याशिवाय माझ्या पोटातलं पाणी जिरणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या कामगाराने मला रिकामी फिरवून कान लावला आणि "आवाज गोड आहे" म्हणत पाठीवर थाप मारली. पुढे मी एका मोठ्या घरी गेले. चौघांचे कपडे नऊ वर्षं धुतले. "हिच्यामुळे माझी कंबर वाचली," असं तिथली बाई आल्यागेल्याला सांगायची. पण या नऊ वर्षांत माझी गाळणी कुणी एकदाही काढून पाहिली नाही. दाराच्या रबरावर काळी बुरशी चढली. घाण पाणी पोटात साचून राहू लागलं. मग नवी मशीन आली. भंगारवाल्याने माझा वास घेतला आणि नाक मुरडून निघून गेला. तेव्हा कुठे त्या घरच्या मालकाला अडचणीतल्या बायकांची आठवण झाली. "देऊन टाकू. तेवढंच पुण्य," तो म्हणाला. माझ्या कपाळावर लाल फीत बांधली गेली. त्याने शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. आत सडकं पाणी तसंच होतं.

इथल्या मिस्त्रीने मला उघडलं तेव्हा आधी स्वतःच्या नाकाला रुमाल बांधला. तासाभराने तो मावशींना म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे. लोक घाणेरडे होते." आणि त्याने त्यांना खालची झडप दाखवली. मधेच काही अडलं तर गाळणी ओढायची, पाणी वाहून जातं, मग दार उघडतं.

इथे मी रोज चार-पाच घाणे काढते. सकाळी आधी चादरी. या घरात नवीन आलेली मुलं, अगदी नऊ-दहा वर्षांचीसुद्धा, अंथरूण ओलं करतात. त्यांच्या आया ती चादर बगलेत लपवून आणतात. मावशी मुद्दाम मोठ्याने म्हणतात, "लाजतेस काय गं? आण इकडे. तिला रोजचंच आहे." रक्ताचे डाग मी धुतले, उलट्या धुतल्या. एका बाईच्या कपड्यांना रॉकेलचा वास होता, तो पाच धुण्यांनंतरही गेला नाही. मित्रांनो, यातल्या कशाचीही मला कधी किळस वाटली नाही. ती घाण त्या बायकांनी केलेली नव्हती.

एका दुपारी एक टेलरबाई आली. बरोबर सात वर्षांची मुलगी. दोघींच्या हातात काहीच नव्हतं, पण दोघी चांगल्या गुबगुबीत दिसत होत्या. मावशींनी मुलीला आंघोळीला नेलं आणि फ्रॉकची बटणं सोडली, तर आत दुसरा फ्रॉक. त्याच्या आत तिसरा. बॅग घेऊन निघालं असतं तर नवऱ्याने दारातच अडवलं असतं, म्हणून टेलरबाईने दोन जोड अंगावर चढवले होते आणि मुलीला तीन फ्रॉक घातले होते. भर उन्हात दोघी तशाच चालत बस पकडायला गेल्या होत्या.

"ही पोरगी आहे का बटणांचं दुकान?" मावशी म्हणाल्या. मुलगी हसली नाही, पण तिने मान वर करून पाहिलं. त्या दिवसापासून तिचं नाव बटण पडलं.

टेलरबाईला रिकामं बसवत नसे. तिसऱ्याच दिवशी तिने कपड्यांचं कपाट उघडलं. शहरातल्या ऑफिसातून दानाच्या गोण्या येत, त्या तिथे कोंबलेल्या असत. तिने त्यातलं धड कापड तेवढं कापून काढलं आणि हाताने शिवून मुलांसाठी सहा झबली केली. एक झबलं तर असं बेतलं होतं, की मोठ्या ताई ते कितीतरी वेळ उलटसुलट करून बघत होत्या. "दवाखान्यात चादरी शिवायचं काम असतं," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी बोलू का?"

"बोला ताई," ती म्हणाली. "पण मला मशीन नीट लागते. हाताने एवढ्या चादरी व्हायच्या नाहीत."

सात आठवडे बरे गेले. बटणची चादर कोरडी निघू लागली.

मग मॅडम आल्या. एका महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. आमच्या गच्चीला गळती होती आणि ती दुरुस्त करून देण्याचं या मंडळाने कबूल केलं होतं. मॅडमची अट एकच होती. कपड्यांचं वाटप आपल्या हातांनी, जागेवर येऊन करायचं. शहरातल्या ऑफिसनेही गळ घातली. मोठ्या ताई दोन दिवस नाही-नाही म्हणत राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी फाटक उघडलं.

मॅडमबरोबर आठ गोण्या होत्या आणि एक फोटोग्राफर.

"फोटो चालणार नाही," मोठ्या ताई म्हणाल्या.

"अहो, पाठमोरे घेऊ. आम्हाला काय कळत नाही का?"

अंगणात बायकांना रांगेत उभं केलं. प्रत्येकीच्या हातात एकेक घडी ठेवायची, तिने वाकून आभार मानायचे, की पुढची. टेलरबाईच्या मागे बटण होती. फोटोग्राफरने चुटकी वाजवली आणि म्हणाला, "बाळा, इकडे बघ." कुणी प्रेमाने हाक मारली की मूल वळून बघतंच. बटणही वळली.

गाडी गेल्यावर मावशींनी गोण्या बोळात ओढून आणल्या, माझ्यापुढे. पहिली उघडली आणि त्या मागे सरल्या. आत काय होतं ते मी एकेक करून सांगणार आहे, कारण कुणीतरी सांगायलाच हवं. वापरलेल्या चड्ड्या, डागांसकट. काखेत पिवळे पडलेले सदरे. कुत्र्याच्या केसांनी भरलेली दुलई. एकाच पायाचे अकरा बूट. कुणाच्या तरी आजारपणातली चादर, घडी घालून, वर अत्तर शिंपडून. तळाशी उंदराच्या लेंड्या. मावशी चिमट्याने एकेक उचलत होत्या. "हे आपल्या घरी पायपुसणं म्हणून तरी ठेवतील का?" त्यांनी विचारलं. टेलरबाईने वाटपात मिळालेली घडी उलगडली. वरचा कपडा नवाकोरा होता. आतला कपडा म्हणजे बाहीत वाळलेली उलटी असलेला कोट. तिने तो पुन्हा घडी घालून गोणीत ठेवला. मग म्हणाली, "मी यासाठी वाकून आभार मानले."

ती घाण माझ्या पोटात घालायला मावशींनी साफ नकार दिला. मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

चौथ्या दिवशी सकाळी माझ्यात टेलरबाईचे दोन्ही जोड आणि बटणचे फ्रॉक फिरत होते. दोघींच्या अंगावर संस्थेचे गाऊन होते. तेवढ्यात जाळीच्या दारापाशी एक माणूस येऊन उभा राहिला. कडक इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, हातात खाऊचा पुडा.

"नमस्कार. माझी मंडळी आत आहे," तो म्हणाला.

"इथे असं कुणी राहत नाही," मोठ्या ताई म्हणाल्या.

त्याने फोनवर मंडळाने टाकलेला वाटपाचा फोटो उघडून जाळीला लावला. "ही माझी मुलगी. तिच्यामागचं निळं फाटक तुमचंच ना? खाली गल्लीचं नावसुद्धा लिहिलंय." आणि मग आवाजात साखर घालून त्याने आत हाक मारली, "ये गं बाळा. बाबा रागावले नाहीत. आईला पण घेऊन ये, हं?"

एवढा गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि एवढा ओंगळही नाही. बटण माझ्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत शिरली. तिथे मांजरसुद्धा धड मावत नाही. तिच्या पायांवरून लघवीची धार ओघळली. टेलरबाईने माझ्या कडेला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. मी गदगदा हलत होते, की ती, ते मला सांगता येणार नाही.

मोठ्या ताईंनी दार उघडलं नाही. पोलिसांना फोन केला. पाऊण तासाने हवालदारीण आली, तोवर तो पायरीवर बसून होता. "मी काय गुन्हा केला, बाई? मुलीला खाऊ आणलाय," तो तिला म्हणाला.

"खाऊ घेऊन चालू लागा," ती म्हणाली. "पुन्हा या दारात दिसलात तर खाऊ आमच्याकडे मिळेल."

तो उठला आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. तिथून त्याला हटवायला कुणाकडे कोर्टाचा कागद नव्हता.

म्हणजे आता हे घर टेलरबाईच्या कामाचं उरलं नाही. मोठ्या ताईंनी दुसऱ्या गावच्या निवाऱ्यात फोन करून जागा मिळवली. मागच्या दाराशी दूधवाल्याचा टेंपो आला. हवालदारीण पुढे बसली.

"चल, लवकर," मोठ्या ताई म्हणाल्या. "कपडे राहू दे. मी मागाहून पाठवते."

"नाही ताई. घरातून एवढंच घेऊन निघाले मी. ते नेणार."

पण माझं दार धुणं अर्ध्यावर असताना उघडत नाही. तेव्हा मावशी गुडघ्यावर बसल्या, खालची झडप काढली आणि गाळणी ओढली. सगळं फेसाळ पाणी बोळात आलं, त्यांच्या पायांवरून, बटणच्या पायांवरून. मुलीचं ओलं झालेलं त्यात कुणाला वेगळं ओळखू आलं नाही. दार उघडलं. टेलरबाईने साबण न निघालेले, ठिबकणारे कपडे एका पिशवीत भरले. जाताना ती मावशींना म्हणाली, "फरशी निसरडी झालीय. जपून चाला." मग टेंपोचं दार लागलं.

त्या दुपारी मोठ्या ताईंनी मॅडमना फोन लावला. "तो फोटो आत्ताच्या आत्ता काढून टाका."

फोनचा आवाज मोठा होता. "अहो, चेहरा कुठे दिसतोय? मुलीचा तेवढा थोडा. आणि किती गोड आलाय! सगळ्यांना फार आवडला."

"तिचा बाप आला होता दारात. फोटो बघून."

"मग त्यात आमची काय चूक? आम्ही एवढं करतो आणि तुमच्याकडून हे ऐकायचं? गच्चीचं बघू मग."

फोटो दोन दिवसांनी निघाला. गच्ची अजून गळते. फोन ठेवल्यावर मोठ्या ताई माझ्याशेजारच्या नळाखाली हात धूत राहिल्या. साबण लावायच्या, धुवायच्या, पुन्हा लावायच्या. मावशींनी नळ बंद केला. "पुरे झालं," त्या म्हणाल्या.

"फाटक मीच उघडलं, मावशी."

"हो, तुम्हीच," मावशी म्हणाल्या, आणि त्यांना पदर नव्हता म्हणून ॲप्रनच हात पुसायला पुढे केला.

टेलरबाईचा निरोप पाच महिन्यांनी आला. तिकडे तिला इस्पितळात चादरी शिवायचं काम मिळालं. भाड्याची एक खोली आहे. बटण शाळेत जाते, पण कुणी नुसता फोन उचलला तरी बाकाखाली बसते. ओळखपत्रासाठी तिचा फोटो अजून काढता आलेला नाही. शाळेतल्या बाईंनी तिचं ओळखपत्र बिनफोटोचंच करून दिलं, हे टेलरबाईने मोठ्या ताईंना दोनदा सांगितलं.

आता सगळ्या गोण्या शहरातल्या ऑफिसच्या टेबलावर, देणाऱ्याच्या समोर उघडतात. मोठ्या ताई स्वतः तिथे जाऊन बसतात. त्यामुळे गोण्या फार कमी झाल्या. गेल्या महिन्यात तिथे एक निवृत्त ड्रायव्हर आला. हातात काहीच नव्हतं. "बायकांना, मुलांना काय लागतं?" त्याने विचारलं. "आणि कुठल्या मापाचं?" इतक्या वर्षांत माप कुणी विचारलं नव्हतं. ताईंनी यादी लिहून दिली. आठवड्याने तो नव्या आतल्या कपड्यांची पाकिटं, टॉवेल आणि मुलांच्या चपला ठेवून गेला. नाव विचारलं तर म्हणाला, "कशाला हवंय?"

त्या टॉवेलांची खळ काढायला मावशींनी ते माझ्यात टाकले. कितीतरी दिवसांनी माझ्या पोटातून स्वच्छ पाणी गेलं.

मित्रांनो, मी आता फार वर्षं टिकणार नाही. माझा आवाज गोड राहिलेला नाही आणि स्वभावही. म्हणून स्पष्टच सांगते. जे स्वतःच्या अंगाला लावाल तेच दुसऱ्याला द्या. देण्याआधी काय हवं ते विचारा. इथल्या मुलांना हाक मारून वळायला लावू नका. आणि दिलंत, की आपल्या घरी जा.